डेकोरेटरने नोंदणी आणि कामाचा वेग

प्रश्न : शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीसाठी आम्ही पायथॉनमध्ये प्रणाली लिहिली आहे. सेन्सरकडून तापमान आले की एक मेथड (क्लासमधील फंक्शन), दाब आला की दुसरी, अशी निवड व्हावी म्हणून आम्ही मेथडची नोंदणी डेकोरेटरने, म्हणजे फंक्शनच्या व्याख्येवर ‘@’ने लावलेल्या दुसऱ्या फंक्शनने, करतो. त्यामुळे प्रत्येक कॉल मंदावतो, असे सहकाऱ्यांचे म्हणणे आहे. डेकोरेटर काढून टाकावेत का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : काढू नयेत, आपला डेकोरेटर शेवटी काय परत करतो, ते मात्र आधी पाहावे. डेकोरेटर फंक्शनची व्याख्या होताना एकदाच चालतो. पुढे ती मेथड लाखो वेळा कॉल झाली तरी तो पुन्हा चालत नाही. वेळ जातो तो रॅपरमध्ये, कारण मूळ फंक्शनऐवजी त्याला गुंडाळणारे दुसरे फंक्शन परत केले, की प्रत्येक वेळी दोन कॉल होतात. पायथॉनच्या फंकटूल्स मॉड्यूलमधील ‘रॅप्स’ने मूळ नाव आणि माहिती टिकते, हा जादा कॉल मात्र वाचत नाही. निव्वळ नोंदणीसाठी रॅपर लागतच नाही : नोंद करावी आणि आलेले फंक्शन जसेच्या तसे परत द्यावे.

मेथडच्या बाबतीत खरी अडचण वेगळीच आहे. डेकोरेटर चालतो त्या क्षणी क्लास अजून तयार झालेला नसतो, त्यामुळे ही मेथड कोणत्या क्लासची, हे त्याला कळू शकत नाही. म्हणून डेकोरेटरने फंक्शनवर ‘तापमान’ अशी खूण तेवढी ठेवावी आणि मूळ क्लासमधील ‘इनिट सबक्लास’ (__init_subclass__) या विशेष मेथडने, जी पायथॉन 3.6 पासून उपलब्ध आहे, प्रत्येक उपक्लास तयार होताना अशा खुणा गोळा करून डिक्शनरी (कोणत्या खुणेला कोणती मेथड, याची यादी) बनवावी. डिक्शनरीत फंक्शनऐवजी मेथडचे नाव ठेवणे मला अधिक योग्य वाटते. उपक्लासने ती मेथड नव्याने लिहून खूण पुन्हा लावली नाही, तरी नावावरून नवीच मेथड सापडते. ऑब्जेक्टला बांधलेल्या मेथड सामाईक यादीत ठेवणे कटाक्षाने टाळावे, कारण यादी असेपर्यंत ते ऑब्जेक्ट मेमरीतून जात नाहीत.

वेळेच्या नोंदीसारख्या कामासाठी रॅपर हवाच असेल, तर पायथॉनच्या ‘टाइमइट’ या वेळ मोजणाऱ्या मॉड्यूलने मोजून पाहावे, डेटाबेसमध्ये लिहिण्याच्या वेळेपुढे तो जादा कॉल बहुधा नगण्य ठरेल. एखादी नोंद डिक्शनरीत दिसलीच नाही, तर ते मॉड्यूल प्रणाली सुरू होताना इम्पोर्ट झाले आहे ना, हे सर्वप्रथम तपासावे.