एखादी लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात घ्यायची की नाही, हे देश कसे ठरवतो?

खासगी दवाखान्यात कांजिण्यांची लस मिळते, मग ती सरकारी तक्त्यात का नाही, आणि तक्त्यात कोणती लस घ्यायची हे कोण ठरवते, असे आपण विचारले आहे. मी बरीच वर्षे एका प्राथमिक आरोग्य केंद्रात लसींचा साठा सांभाळला आहे; त्यामुळे हा प्रश्न मला जवळचा वाटतो.

भारतात ही शिफारस २००१ साली स्थापन झालेला राष्ट्रीय लसीकरण तांत्रिक सल्लागार गट करतो आणि अंतिम निर्णय केंद्रीय आरोग्य मंत्रालय घेते. लस सुरक्षित आणि गुणकारी आहे की नाही याची छाननी औषध नियंत्रकाने परवाना देतानाच केलेली असते. गटापुढचा प्रश्न अधिक अवघड असतो: हा आजार आपल्याकडे किती मुलांना गाठतो, आणि दरवर्षी जन्मणाऱ्या सुमारे अडीच कोटी बाळांपर्यंत ही लस कायम पोहोचवता येईल का?

लहान मुलांना जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरस या विषाणूवरच्या लसीवरून हे नीट समजते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २००५च्या अखेरीस ठिकठिकाणच्या रुग्णालयांत नमुने तपासायला सुरुवात केली, तेव्हा जुलाबामुळे दाखल झालेल्या पाच वर्षांखालील मुलांपैकी सुमारे ४० टक्के मुलांत हा विषाणू आढळला. पुढे दिल्ली, वेल्लोर आणि पुणे जिल्ह्यातील वढू येथे ६,७९९ बालकांवर देशी लसीची चाचणी झाली. रोटाव्हायरसच्या तीव्र जुलाबापासून पहिल्या वर्षी मिळालेले संरक्षण सुमारे ५६ टक्के होते. हा आकडा ऐकून अनेकांचा हिरमोड होतो. माझ्या मते मात्र इथेच या निर्णयाचे मर्म आहे, कारण जो आजार दरवर्षी हजारो बाळांचा जीव घेतो, त्यात निम्म्याहून अधिक गंभीर प्रसंग टळणे म्हणजे कित्येक घरांतील पाळणे रिकामे न होणे. मात्र अमेरिकेत १९९९ साली याच आजारावरची एक जुनी लस, आतड्यात आतडे शिरण्याच्या दुर्मीळ धोक्यामुळे, मागे घ्यावी लागली होती. म्हणून आपल्याकडेही त्या धोक्यावर लक्ष ठेवूनच २०१६ साली आंध्र प्रदेश, हरियाणा, हिमाचल प्रदेश आणि ओडिशा या चार राज्यांत सुरुवात झाली, आणि मग ती देशभर नेण्यात आली.

या लसीच्या बाळाला तीन मात्रा म्हटल्या की वर्षाला सुमारे साडेसात कोटी मात्रा लागतात. त्या प्रत्येक मात्रेला आयएलआरच्या, म्हणजे लसी थंड ठेवणाऱ्या खास फ्रिजच्या, टोपलीत जागा हवी, आणि कुपीवरचा उष्णतेने गडद होत जाणारा फिका चौकोन भोवतालच्या वर्तुळाइतका गडद झाला की ती कुपी टाकून द्यावी लागते, हे मी रोज पाहिले आहे. साठवणीचा हा हिशेब शिफारस करतानाच मांडावा लागतो. शिवाय प्रत्येक लस सगळ्यांसाठी असतेच असे नाही. जपानी मेंदूज्वराची लस, उदाहरणार्थ, तो आजार जिथे आढळतो त्या जिल्ह्यांतच दिली जाते.

आता कांजिण्या. ही लस अर्ध्यामुर्ध्या मुलांनाच मिळाली, तर विषाणूचा फैलाव मंदावतो पण थांबत नाही, आणि लस न मिळालेल्यांना कांजिण्या मोठेपणी येतात, जेव्हा त्या अधिक त्रासदायक असतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना, किमान ८० टक्के मुलांपर्यंत सातत्याने लस पोहोचवता येत असेल तरच ती कार्यक्रमात घ्यावी, असे सुचवते. आपल्या बाळाला ती द्यायची असल्यास बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने जरूर द्यावी. ती सरकारी तक्त्यात नाही याचा अर्थ ती वाईट आहे, असा मुळीच नाही.