प्रवेश मिळाल्यानंतरची बारावी

तुमच्या मुलीला डिसेंबरातच 'अर्ली डिसिजन'मध्ये, म्हणजे एकाच विद्यापीठाला बांधील राहून लवकर अर्ज करण्याच्या पद्धतीत, अमेरिकेतल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला, त्याबद्दल अभिनंदन. आता तिचे अभ्यासावरून मन उडाले आहे, हे अमेरिकेतल्या बारावीत नित्याचेच आहे. आपल्याकडे बारावीच्या निकालानंतर प्रवेश ठरतो. इथे प्रवेश आधी आणि निकाल नंतर, त्यामुळे उरलेले सत्र मुलांना निरर्थक वाटले तर नवल नाही. परंतु हाती आलेले पत्र सशर्त असते. शाळेचा समुपदेशक वर्ष संपल्यावर अंतिम गुणपत्रक विद्यापीठाला पाठवतो, आणि त्यात मोठी घसरण दिसली तर लेखी खुलासा मागितला जातो, कधी शिष्यवृत्ती जाते, क्वचित प्रवेशही रद्द होतो. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया तर बारावीत डी किंवा एफ या सर्वांत खालच्या श्रेणी चालणार नाहीत, असे स्पष्टच बजावते. एखादी बी श्रेणी आल्याने सहसा काही बिघडत नाही. त्याची धास्ती पालकांनाच अधिक असते.

खरी चूक होते ती विषय सोडताना. अर्जात दाखवलेला कठीण विषय जानेवारीत परस्पर बदलणे हे कमी गुणांपेक्षाही अडचणीचे ठरू शकते; बदल करायचाच असेल, तर आधी विद्यापीठाला कळवून लेखी उत्तर घ्यावे. मे महिन्यातील एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे शाळेतच घेतलेल्या महाविद्यालयीन पातळीच्या विषयांच्या) परीक्षाही टाळू देऊ नका, कारण चांगल्या गुणांवर अनेक विद्यापीठे क्रेडिट देतात, म्हणजे तो विषय पदवीसाठी पूर्ण झाल्याचे धरतात आणि तेवढ्या अभ्यासक्रमाचे शुल्क वाचू शकते. रोज टोचून बोलण्यापेक्षा हा हिशेब तिच्यासमोर मांडा.