वाचकांचे प्रश्न : वाचनालयाचं जुनं सॉफ्टवेअर नव्या पीएचपीवर न्यायचंय, पण मराठी नावंच गेली!

प्रश्न : ताई नमस्कार, आमच्या गावच्या मराठी वाचनालयाचं सगळं काम, म्हणजे पुस्तकं, सभासद, देवघेव, २००८ साली बसवलेल्या, पीएचपी भाषेत लिहिलेल्या एका ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर चालतं. बनवणाऱ्यांनी ते कधीच सोडून दिलंय. आता होस्टिंगवाल्यांचा मेल आलाय की चतुर्थीनंतर पीएचपी ५ बंद, ८ वर या. व्हर्जन बदलून बघितलं तर कोरं पान, लॉगमध्ये मायएसक्यूएल (आमचा डेटाबेस) कनेक्टचं फंक्शनच सापडत नाही म्हणतं. मित्राने सगळीकडे त्या फंक्शनांचा नवा संच, मायएसक्यूएलआय, घातला, पान उघडलं, पण मराठी अक्षरांच्या जागी भलतंच काहीतरी. वर पावसात लाइट गेली की सभासदांचं टेबल क्रॅश होतं ते वेगळंच. सगळं नव्याने लिहून काढू का? — एक वाचक, डिचोली

उत्तर : नाही, नव्याने लिहू नका. आणि सगळ्यात आधी एक करा, ती भलती अक्षरं दिसतायत त्या पानावर कुणालाही 'सेव्ह' दाबू देऊ नका. नावं अजून गेलेली नाहीत, पण तशा पानावरून सेव्ह केलं तर खरंच जातील.

झालंय काय ते सांगते. तुम्हाला मात्रा मारलेला इंग्रजी ए आणि त्याच्यामागे चार काड्या असलेलं छोटं वर्तुळ दिसत असणार, मध्येच जपानी येनची खूण. बरोबर ना? युटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिपी साठवायची आजची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक अक्षर, मात्रासुद्धा, ३ बाइटचं असतं आणि पहिले दोन बाइट ई०-ए४ किंवा ई०-ए५ असतात, ते लॅटिन१ (जुनी, एका अक्षराला एकच बाइट देणारी पद्धत) म्हणून वाचले की नेमकी हीच चिन्हं उमटतात. तुमची टेबलं लॅटिन१ आहेत, जुना कोडही लॅटिन१ बोलायचा, त्यामुळे बाइट जसे आत गेले तसेच बाहेर आले आणि इतकी वर्षं कुणाला कळलंच नाही. नवीन कनेक्शन युटीएफ-८ मागतं, मग सर्व्हर बिचारा प्रत्येक बाइट वेगळं अक्षर समजून रूपांतर करून देतो.

म्हणून आधी डेटा, मग कोड. पूर्ण बॅकअप काढा, त्याची कॉपी घरच्या कॉम्प्युटरवर चढवा आणि तिथेच प्रयोग करा. कॉलम थेट युटीएफ-८ ला बदलायचा नाही, तसं केलं तर तोच घोळ टेबलात कायमचा बसतो. आधी कॉलम बायनरी प्रकारचा करायचा (व्हारकॅर असेल तर व्हारबायनरी, टेक्स्ट असेल तर ब्लॉब), मग तिथून युटीएफ८एमबी४ (मायएसक्यूएलमधलं पूर्ण युटीएफ-८). बायनरीवरून जाताना सर्व्हर बाइटना हात लावत नाही. नुसतं 'युटीएफ८' नको, मायएसक्यूएलमधलं ते ३ बाइटपर्यंतच जातं, मराठी मावेल पण इमोजी आला की अडेल.

इथे एक वाईट बातमी मिळू शकते, तयारी ठेवा. लॅटिन१ मध्ये कॉलमला ५० ची मर्यादा म्हणजे ५० बाइट, देवनागरीत जेमतेम १६ अक्षर-मात्रा. नुसता 'गोमंतक' शब्द १८ बाइट खातो! त्या काळचं मायएसक्यूएल जास्तीचं गुपचूप कापून टाकायचं, म्हणजे लांब शीर्षकं अर्धीच साठलेली असू शकतात. रूपांतर करताना एखाद्या ओळीवर एरर येऊन अडलं तर ती बहुधा अशीच, अक्षराच्या मधोमध कापलेली. कापलेला भाग कुठल्याच बॅकअपमध्ये मिळणार नाही, तो फक्त तुमच्या कपाटातल्या कागदी दाखल रजिस्टरमध्ये आहे. ते रजिस्टर जपा हो, प्लीज, ओल लागू देऊ नका.

लाइटचं दुखणं मायआयसॅमचं, म्हणजे टेबलं साठवण्याच्या जुन्या पद्धतीचं. मध्येच वीज गेली की त्या टेबलांची फाइल अर्धवट राहते. त्याऐवजी इनोडीबी करा, २०१० च्या मायएसक्यूएल ५.५ पासून तेच डिफॉल्ट आहे, ते पुन्हा सुरू झाल्यावर स्वतःला सावरतं. शिवाय पुस्तक देताना 'दिलं' ही नोंद आणि 'शिल्लक प्रती' हा आकडा एकाच ट्रॅन्झॅक्शनमध्ये टाकता येतो, होतील तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. परत न आलेल्या पुस्तकांची तारीख सगळी शून्यं अशी ठेवलेली असणार, ५.७ पासूनचा स्ट्रिक्ट मोड ती घेत नाही, तिथे नल (रिकामी किंमत) करा आणि कोडमधली तुलनाही बदला.

आता कोड. जुनी मायएसक्यूएल फंक्शनं २०१५ च्या पीएचपी ७ मध्येच काढून टाकली. तुमच्या मित्राने शंभर ठिकाणी नाव बदललं, काम झालं खरं, पण मी ते परत घेतलं असतं. एकच फाइल करा, डेटाबेसशी बोलायचं ते फक्त तिच्यातून, आत पीडीओ (पीएचपीचा डेटाबेसशी बोलायचा मार्ग) आणि प्रिपेअर्ड स्टेटमेंट, म्हणजे डेटाबेसला दिलेली आज्ञा आणि त्यातली माहिती वेगवेगळी. वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेसने २०१४ मध्ये ३.९ व्हर्जनला असंच केलं, बाहेरचा क्लास तोच ठेवून आतून मायएसक्यूएलआय वापरायला लागले, म्हणून प्लगइनवाल्यांना फारसा त्रास झाला नाही. तशाच ड्रुपल ७ ने २०११ मध्ये अख्खा थरच पीडीओवर नवीन बांधला, पण तिथे हात खूप होते, तुम्ही दोघेच आहात.

प्रिपेअर्डचा आग्रह का? सभासदांत इंग्रजीत लिहिलेले डि'सोझा, डि'कोस्ता असतीलच. त्या वरच्या स्वल्पविरामाने जुनी क्वेरी (आज्ञा) तुटते, आणि जिथे ती तुटते तिथूनच कुणी वाईट हेतूने आतही घुसू शकतो. काही नावांत उलटी तिरकी रेघ अडकलेली दिसेल, ती जुन्या मॅजिक कोट्सची (जुनं पीएचपी आपोआप अशी रेघ घालायचं), एकदा बघून साफ करा.

आधी फक्त शोध आणि यादीची पानं नव्या फाइलवर आणा, देवघेव सगळ्यात शेवटी. आणि चतुर्थीला हात मोकळा हवा असेल तर बॅकअप आजच संध्याकाळी काढा.

प्रश्न : एवढं करतोच आहे तर पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवरच जाऊ का? — तेच वाचक

उत्तर : आत्ता नको. पोस्टग्रेस छानच आहे, पण अक्षरं बदलतानाच डेटाबेसही बदललात तर चूक कुठे झाली ते शोधता येणार नाही. सगळं त्या एका फाइलमागे गेलं आणि एक पावसाळा नीट निघाला की मला परत लिहा.