ताई-ची शिकताना: गुडघा का दुखतो आणि बाकी थोडं

चि. ..... यास,
अनेक आशीर्वाद.

व्हिडिओ बघून तीन आठवड्यांत ताई-ची या संथ चिनी युद्धकलेतला चोवीस हालचालींचा क्रम पाठ झाला आणि आता डावा गुडघा आतल्या बाजूनं दुखतोय, असं लिहिलंयस. नवल काहीच नाही. क्रम तुझ्या डोक्यात बसला, पायांत अजून उतरलेला नाही. दोन आठवडे तो बंद ठेव. त्यानंतरही दुखलं, किंवा आधीच सूज आली, जिना उतरताना गुडघा अडकला, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखव. अशा दुखण्यावर ताई-चीचा उतारा शोधत बसू नकोस.

चूक बहुतेक 'रानघोड्याची आयाळ' या हालचालीत होत असणार. ती लागोपाठ तीनदा येते: डावी, उजवी, डावी. पहिली डावी बाजू झाली की डावा चवडा बाहेर वळवायचा असतो. सराईत माणूस हे इतकं सहज करतो की त्याचं वजन आधी मागे गेलंय, हे बघणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. नवखा माणूस वजन डाव्या पायावर ठेवूनच वळतो. पाऊल जमिनीला चिकटलेलं, वर मांडी फिरतेय, आणि पीळ बसतो मधल्या गुडघ्याला. गुडघा मुख्यतः पुढेमागे वाकतो. चौफेर फिरायचं काम खुब्याचं.

म्हणून असं कर. आधी वजन मागे, उजव्या पायावर घे. डाव्याची टाच टेकलेली ठेवून चवडा उचल. कंबर डावीकडे वळव आणि तिच्याबरोबर चवडा साधारण 45 अंश बाहेर जाऊ दे. चवडा टेकव, मग वजन पुढे आण. आता उजवा पाय डाव्याजवळ ओढून घे आणि टाच आधी टेकवत पुढे टाक. टाच टेकल्यावर लगेच अंग झोकू नकोस. कमरेवरचं अंग न हलवता टेकलेला पाय परत उचलता येतो का, ते बघ. येत नसेल, तर तू पाऊल टाकलं नाहीस, पाऊल पडलं. मग टप्पा थोडा आखूड कर. बहुतेकांचा टप्पा लांबच असतो, फोटोत छान दिसतो म्हणून.

पुढच्या पायावर वजन आलं की गुडघा पावलाच्याच दिशेला हवा आणि बोटांच्या पुढे जायला नको. वरून बघताना अंगठा दिसला पाहिजे. दिसत नसेल तर गुडघा आत कोसळतोय. दोन्ही टाचा एका रेषेत आल्या तर दोरीवर चालल्यासारखा तोल जातो, म्हणून त्यांच्यात आडवं वीतभर अंतर ठेव. पकड घट्ट असलेले जाड तळाचे रनिंगचे बूट यासाठी वाईट. पाऊल सरकत नाही आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. पातळ, सपाट तळाचे बूट घे.

क्रम बंद असताना नुसतं उभं राहा. याला चिनी लोक झान झुआंग म्हणतात. यिचुआन या चिनी युद्धकलेचे जनक वांग शियांगझाय (1885–1963) यांनी तर सगळं शिक्षण यावरच उभारलं. पावलं खांद्याइतकी दूर आणि समांतर, गुडघे किंचित सैल, माकडहाड सरळ खाली. हात छातीसमोर, मोठा माठ कवेत धरल्यासारखे. कोपरं मनगटांपेक्षा खाली, काखेत मुठीएवढी जागा. श्वास नाकानं, आपोआप येईल तसा. पहिल्या आठवड्यात 3 मिनिटं, मग दर आठवड्याला एकेक मिनिट वाढवत 15 पर्यंत जा. गुडघ्यात नेहमीपेक्षा जास्त दुखलं तर तेवढ्यावरच थांब. जेवण होऊन तासभर तरी झालेला असावा.

मांड्या थरथरतील, ते चालतं. खांदे कानांकडे चढतील, तेव्हा श्वास सोडताना ते खाली सोड. गुडघे ताठ करून उभा राहिलास तर पायांत रक्त साचून घेरी येऊ शकते. तसं वाटलं तर लगेच खाली बस. पुस्तकात 'छाती आत, पाठ वर' असं वाचून निम्मे लोक पोक काढतात. फुगवलेली छाती सोडून दे, एवढंच त्यात अपेक्षित आहे.

कुठली शैली, हा तुझा दुसरा प्रश्न. हनान प्रांतातल्या चेन गावची मूळ शैली फार देखणी आहे, पण तिच्यात पाय आपटणं, उड्या, अचानक झटके आहेत. या गुडघ्यानं ती आत्ता नको. तिथेच शिकून यांग लुचान यांनी 19व्या शतकात ती कला बीजिंगला नेली. त्यांचे नातू यांग चेंगफू यांनी रुळवलेली संथ, मोकळी शैली तुझ्या चोवीस हालचालींच्या मुळाशी आहे. 1956 साली चीनच्या क्रीडा खात्यानं ती आटोपशीर करून मांडली. सगळा क्रम 5–6 मिनिटांचा. तू दोन मिनिटांत संपवत असशील, तर कुठेतरी वजन न बदलताच पुढे जातोयस.

स्वसंरक्षणाबद्दल स्पष्ट लिहितो. नुसत्या क्रमानं मारामारी येत नाही. 2017 साली चेंगडूत एका एमएमए (मिश्र मार्शल आर्ट्स) लढवय्यानं ताई-चीच्या शिक्षकाला काही सेकंदांत लोळवलं, कारण विरोध करणाऱ्या माणसासमोर सराव नसेल तर दुसरं काही होतच नाही. पुढे जोडीनं तुईशौ शिक: मनगटाला मनगट लावून समोरच्याचा जोर ओळखायचा आणि वळवायचा. हात न लावता माणूस पाडून दाखवणारा, किंवा गुप्त विद्येसाठी वेगळी फी मागणारा शिक्षक भेटला, तर नमस्कार करून निघून ये.

दोन आठवड्यांनी फक्त 'आयाळ' तीनदा करून व्हिडिओ पाठव, एकदा समोरून आणि एकदा बाजूनं. अर्धी चड्डी घाल. ढगळ रेशमी पोशाखात गुडघे दिसत नाहीत.