मुलाला मागे बसवून चढ चढायचाय? ई-सायकल घेताना एवढं बघा

वॉटच्या आकड्यात अडकू नका. नोंदणी आणि लायसन्सशिवाय चालणारी ई-सायकल 250 वॉट आणि ताशी 25 किमीच्या आतलीच असते. विचारायचं ते टॉर्क, म्हणजे मोटरचा चाक फिरवायचा जोर, किती हे. पाली हिल किंवा मलबार हिलच्या चढाला पेडलजवळची मोटर उत्तम, कारण तिला गिअरचा फायदा मिळतो. चाकातली मोटर स्वस्त पडते, पण लांब चढावर हळू चालवली की तापते. तीच घ्यायची असेल तर 40 न्यूटन-मीटर (टॉर्कचं माप) च्या खाली जाऊ नका.

खरी परीक्षा उतारावर असते. सायकल, तुम्ही, मूल आणि दप्तर मिळून वजन सहज शंभर किलोच्या वर जातं. दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक हवेतच, जमलं तर हायड्रॉलिक, म्हणजे तारेऐवजी तेलाच्या दाबाने लागणारे. चाकाच्या कडेवर घासणारे रिम ब्रेक पावसात उशिरा लागतात.

नवीन लोक हमखास इथे चुकतात:
- कॅरिअरची वजनमर्यादा न बघताच सीट बसवतात.
- एका पायाचा स्टँड चालवून घेतात. मूल चढताना सायकल कलंडते. दोन पायांचा घ्या, तरी हँडलवरचा हात सोडू नका.
- चढ लागल्यावर गिअर बदलतात. तो आधीच हलका करा.

ट्रायलला पंधरा किलो तांदूळ मागे घट्ट बांधून न्या आणि चढाच्या मध्यावर थांबून पुन्हा निघून बघा. बॅटरी काढून घरात नेता येईल अशीच घ्या.