‘म्हणे’ या शब्दाविषयी

चि. मैत्रेयीस अनेक आशीर्वाद.

गेल्या रविवारी आजी फोनवर म्हणाली, ‘तुमच्या इंग्लंडात म्हणे संध्याकाळी घराबाहेर पडायची सोय राहिली नाही.’ त्यावर तू मला विचारलेस, की मराठी माणसे वाक्यात मध्येच हे ‘म्हणे’ का घालतात आणि कोण म्हणते ते मात्र का सांगत नाहीत. तेव्हा घाईत नीट उत्तर देता आले नाही, म्हणून लिहिते आहे.

‘शेजारच्यांनी घर विकले’ असे सांगणारा त्या वाक्याची जबाबदारी घेतो. ‘शेजारच्यांनी घर विकले म्हणे’ असे सांगणारा एवढेच कबूल करतो, की ही गोष्ट माझ्या कानावर आली आहे, मी तिची शहानिशा केलेली नाही. या शब्दाच्या आडून चहाड्याही होतात, हे मला मान्य आहे. पण ऐकणाऱ्याला निदान सावध केले जाते. याच क्रियापदाला नाव जोडले, की त्याचे काम नेमके उलटे होते: ‘तुका म्हणे’ असे लिहून तुकाराम महाराज आपल्या बोलण्याची जबाबदारी स्वतःच्या नावावर घेतात.

ब्रिटनमधली गुन्हेगारीविषयीची चर्चा वाचताना मला या शब्दाची उणीव फार जाणवते. डिसेंबर २०१० मध्ये ब्रिस्टलला एका तरुणीचा खून झाला आणि पोलिसांनी तिच्या घरमालकाला, एका निवृत्त शिक्षकाला, अटक केली. त्याचे केस, त्याचे एकटे राहणे, त्याची पुस्तकांची आवड, सगळे काही वृत्तपत्रांनी जणू पुरावा म्हणून छापले. तो निर्दोष होता. खुनी दुसराच निघाला. २०११ मध्ये आठ वृत्तपत्रांनी त्या शिक्षकाला भरपाई दिली आणि ‘डेली मिरर’ व ‘द सन’ यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल अनुक्रमे ५०,००० आणि १८,००० पौंड दंड झाला. तोवर साऱ्या देशाने त्याला मनातल्या मनात फासावर चढवून झाले होते.

एखाद्या निरपराध माणसाची अब्रू जाणे वाईटच, पण अशा तापलेल्या हवेत सरकारी धोरणे ठरतात, याची मला अधिक काळजी वाटते. १९९३ मध्ये लिव्हरपूलजवळ दहा वर्षांच्या दोन मुलांनी दोन वर्षांच्या एका बाळाचा जीव घेतला. खटला चालवणाऱ्या न्यायाधीशांनी किमान ८ वर्षे कोठडी सुचवली, सरन्यायाधीशांनी १० वर्षे; परंतु गृहमंत्री मायकेल हॉवर्ड यांच्याकडे शिक्षा वाढवा अशी मागणी करणारे २,७८,००० सह्यांचे निवेदन आणि वृत्तपत्रातून कापलेली २०,००० हून अधिक कुपने आली, आणि त्यांनी १५ वर्षे ठरवली. १९९७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या, न्यायाधीशांनी तो निर्णय बेकायदा ठरवला. सह्या करणाऱ्यांचे दुःख खरे होते, हे मी आई म्हणून जाणते. पण त्यांच्यापैकी जवळजवळ कोणीच न्यायालयात बसून साक्षी ऐकल्या नव्हत्या, आणि कुपने मोजून एखाद्या मुलाची शिक्षा ठरवणे मला आजही अन्याय्य वाटते.

१९९३ मध्येच हुजूर पक्षाच्या हॉवर्ड यांनी तुरुंगाचा उपयोग होतो असे ठणकावून सांगितले आणि विरोधी बाकांवरच्या मजूर पक्षाच्या टोनी ब्लेअर यांनीही कठोरपणाचीच भाषा धरली. मवाळ दिसण्याची भीती पुढे दोन्ही पक्षांना कधी सोडून गेली नाही. तेव्हा इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ४५,००० कैदी होते. सप्टेंबर २०२४ मध्ये ते ८८,००० च्या वर गेले आणि जागाच उरली नाही, म्हणून अनेकांना शिक्षेचा ४० टक्के भाग संपताच सोडावे लागले. घरोघरी जाऊन होणाऱ्या सरकारी पाहणीनुसार मात्र गुन्हे १९९५ पासून खूप घटले आहेत. तुरुंग भरले म्हणूनच ते घटले, असे कोणी तुला सांगेल. पण कॅनडाने तुरुंग असे भरले नाहीत आणि गुन्हे तिथेही घटले. त्याच पाहणीत लोकांना विचारतात, की गुन्हे वाढले आहेत का. देशात वाढले, असे बहुतेक जण सांगतात. आमच्या वस्तीत वाढले, असे सांगणारे त्याहून बरेच कमी असतात. वस्ती त्यांनी पाहिलेली असते, देश ऐकलेला असतो.

२९ जुलै २०२४ रोजी साउथपोर्टला तीन लहान मुलींचा खून झाला, तो आठवडा तुला आठवत असेल. आरोपी कार्डिफमध्ये जन्मला आहे, असे पोलिसांनी सांगितले होते. तो अठराच्या आतला असल्यामुळे त्याचे नाव जाहीर केले नव्हते. त्या मोकळ्या जागेत कोणीतरी एक खोटे नाव सोडले, तो होडीतून आलेला निर्वासित असल्याचे पसरवले, आणि दुसऱ्याच दिवशी तिथल्या मशिदीवर दगड पडले. पुढच्या आठवड्यात आपल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर जमाव कुठे कुठे येणार याच्या याद्या फिरत होत्या, आणि त्या धाडणारी माणसे तीच, जी एरवी लग्नाची बातमीसुद्धा ‘म्हणे’ लावून सांगतात. तेव्हा मात्र एकाही संदेशात तो शब्द नव्हता. मी घाबरून बाबांना बसने येऊ दिले नाही. यादीतल्या बहुतेक ठिकाणी जमाव आलाच नाही. अनेक ठिकाणी हजारो लोक उलट दंग्याच्या विरोधात उभे राहिले.

आजीने निदान ‘म्हणे’ म्हटले, म्हणजे तिला उत्तर हवे आहे. येत्या रविवारी तिला तुझ्या वसतिगृहापासून ग्रंथालयापर्यंतचा रस्ता सांग, रात्री तिथे कोण कोण भेटते तेही सांग, आणि सायकल चोरीला गेली होती ते लपवू नकोस.

तुझी,
आई