बस कंपनीनं 'रूट सुपरवायझर' केलं, तर युनियन सोडावी लागते का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तुम्ही इंदूरला एका सिटी बस ऑपरेटरकडे कंडक्टर होता. मग 'रूट सुपरवायझर' असं पत्र मिळालं, पगार थोडा वाढला आणि लगेच एच.आर.वाल्यांनी सांगितलं की आता तुम्ही मॅनेजमेंटचे झालात, युनियनचा राजीनामा द्या. त्यात न्यूयॉर्कला राहणारा तुमचा मावसभाऊ म्हणतो की तिथे सबवेच्या सुपरवायझरांचीसुद्धा युनियन आहे, मग आपल्याकडे का नसावी?

राजीनामा देऊ नका. तोंडी निरोपावर तर मुळीच नाही.

मी वकील नाही. बस कंपनीच्या आस्थापना विभागात नोकरी झाली, म्हणजे असली पत्रं टाइप करणाऱ्यांतलाच मी एक. आता लेबर कोर्टात जाणाऱ्यांचे कागद लावून देतो. दोन्ही बाजूंचं बघितलेलं असल्यामुळे सांगतो की एच.आर.नं इथे दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्या आहेत. युनियनचं सभासद असणं ही एक गोष्ट, आणि वाद उभा करण्यासाठी कायद्याच्या व्याख्येत 'कामगार' असणं ही दुसरी.

पहिलीचं उत्तर सोपं आहे. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात धंद्यात किंवा उद्योगात नोकरी करणारी कुठलीही व्यक्ती बसत होती, तिथे पगाराची मर्यादा नव्हती. हा कायदा आता २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत विलीन झाला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. तिच्या ट्रेड युनियनच्या प्रकरणापुरती 'कामगार'ची व्याख्या तशीच रुंद ठेवली आहे. त्याच्याही वर घटनेचा १९ वा अनुच्छेद आहेच, संघटना करण्याचा हक्क देणारा. ज्या सरवटे स्टँडवरून आपण गाड्या पकडतो, ते नाव ज्यांचं, ते आपले विनायकराव सरवटे घटना समितीचे सदस्य होते. एच.आर.च्या साहेबांना कधी सहज सांगून बघा.

खरी मारामारी दुसऱ्या गोष्टीवर होते. उद्या तुमची बदली झाली, पगार कापला, कामावरून काढलं, तर समेट अधिकाऱ्याकडे आणि पुढे न्यायाधिकरणात जाताना कंपनी पहिला आक्षेप घेणार: 'हा कामगारच नाही, सुपरवायझर आहे.' हा आक्षेप टिकला की मूळ तक्रारीपर्यंत कुणी जातच नाही. मला तर वाटतं, बढतीचं पत्र देताना कित्येकदा पगारवाढीपेक्षा हा आक्षेपच कंपनीच्या मनात असतो. तुमच्याबाबतीत तसंच असेल असं म्हणत नाही.

संहितेची व्याख्या अशी आहे: अंगमेहनतीचं, कुशल, अकुशल, तांत्रिक, कारकुनी किंवा देखरेखीचं काम करणारा तो कामगार. मुख्यतः व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारा त्यातून बाहेर, त्याचा पगार कितीही असो. आणि देखरेखीच्या नात्यानं नेमलेला माणूस महिना १८,००० रुपयांपेक्षा जास्त वेतन घेत असेल तर तोही बाहेर. जुन्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हा आकडा आधी ५००, मग १,६००, मग २०१० पासून १०,००० होता.

इथे एच.आर.वाले हमखास उलटा हिशेब मांडतात: 'तुझा पगार अठरा हजारांच्या वर गेला, म्हणजे तू कामगार नाहीस.' असं होत नाही. आधी कामाचं स्वरूप ठरवायचं, पगार त्यानंतर. चाळीस हजार घेणारा ड्रायव्हर कामगारच राहतो, कारण तो देखरेख करत नाही, गाडी चालवतो. पगाराचा प्रश्न फक्त देखरेख सिद्ध झाली तरच येतो.

आणि आला, तरी 'वेतन' म्हणजे हातात पडणारी रक्कम नव्हे. मूळ पगार आणि महागाई भत्ता धरायचा. घरभाडं, वाहनभत्ता, ओव्हरटाइम वगैरे बाहेर ठेवायचे, मात्र बाहेर ठेवलेली रक्कम एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त झाली तर वरचा भाग वेतनात परत जोडायचा. समजा एकूण २४,००० मिळतात, त्यात मूळ आणि महागाई मिळून १०,००० आणि बाकी १४,००० अशा भत्त्यांचे. निम्मे म्हणजे १२,०००, वरचे २,००० परत आले, वेतन झालं १२,०००. म्हणजे देखरेख सिद्ध झाली तरी हा माणूस कामगारच. तुमची पगाराची स्लिप घेऊन हे गणित आजच करा, कदाचित पुढचं सगळं वाचायची गरजच उरणार नाही.

आता मुख्य मुद्दा, देखरेख म्हणजे काय. पदाच्या नावावरून ते ठरत नाही, हे कोर्टानं इतक्या वेळा सांगितलंय की कंपन्यांचे वकीलही त्यावर वाद घालत नाहीत. आनंद बाजार पत्रिकेच्या १९६९ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं कसोटी घालून दिली: माणसाचं मुख्य काम कोणतं ते बघा. मुख्य काम कारकुनी असेल आणि जोडीला थोडी देखरेख असेल तर तो कारकूनच, आणि उलट असेल तर उलट. त्या खटल्यातला माणूस प्रॉव्हिडंट फंडाच्या विभागाचा प्रमुख होता, हाताखाली कारकून होते, तरी तो कामगार ठरला. जयपूरच्या नॅशनल इंजिनिअरिंग इंडस्ट्रीजच्या खटल्यातलं सूत्र तर तुमच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे: नुसतं तपासणं आणि वर अहवाल देणं ही देखरेख नव्हे, सुपरवायझर तो, जो कंपनीच्या वतीनं निर्णय घेऊन तिला बांधून टाकू शकतो. याच्या उलट कॅरोना साहूच्या १९९४ च्या खटल्यात बुटांच्या दुकानाचा इनचार्ज कामगार नाही असं ठरलं, कारण दुकानाचा कारभार आणि तिथली माणसं त्याच्या अखत्यारीत होती.

हे बसच्या डेपोवर लावून बघू.

टाइमकीपरबद्दल शंका नको. गाडी किती वाजता आली, किती वाजता सुटली, हे लिहिणारा माणूस ड्रायव्हरला 'निघ रे आता' म्हणतो खरा, पण ते वेळापत्रक म्हणतं, तो फक्त तोंड. लाइन चेकरचंही तसंच. तो मध्येच गाडीत चढतो, तिकिटं आणि मशीनचा हिशेब जुळवतो, तफावत सापडली की मेमो लिहितो. कंडक्टर त्याला घाबरतात म्हणून तो साहेब वाटतो. पण मेमोवर पुढे काय करायचं, दंड, निलंबन की माफी, हे तो ठरवत नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं तर ड्रायव्हर-कंडक्टरांच्या बरोबरीनं लाइन तपासणीचे कर्मचारी, टाइमकीपर, डेपोचे कारकून, स्टेशनवरचे कर्मचारी असे सगळे 'मोटार परिवहन कामगार' म्हणून नावानिशी घातले होते. तो कायदा कामाचे तास, सुट्ट्या यांच्यासाठी होता आणि आता तोही दुसऱ्या संहितेत गेला. त्यामुळे एकट्या त्यावर दावा उभा करू नका, पण जोडीला ठेवा.

कंट्रोल रूमचं प्रकरण जास्त मजेदार आहे. पडद्यावर सगळ्या गाड्या दिसतात, हा बसून सांगतो: तू पुढच्या स्टॉपवर थांब, तू वळसा घालून ये. आदेश तर देतोय, आणि ड्रायव्हरला ऐकावंच लागतं. तरी माझ्या मते हा कामगारच. तो गाड्या सांभाळतो, माणसं नाही. रजा, हजेरी, शिक्षा, कशाशीच त्याचा संबंध नाही. इंदूरला ३१ मे २०२५ ला मेट्रो सुरू झाली, तिथल्या कंट्रोलवाल्यांचा प्रश्न कधी आला तर मी त्यालाही हीच पट्टी लावीन. हेड मेकॅनिकच्या बाबतीत वेळ मोजावी लागते: दिवसाचा बहुतेक वेळ हात ग्रीसमध्ये असतील तर कामगार, टेबलाशी बसून पोरांना कामं वाटण्यात जात असेल तर वेगळा विचार.

ट्रॅफिक इन्स्पेक्टर मात्र खरोखर अवघड. तो ड्रायव्हरला जागेवरच ड्यूटीवरून उतरवू शकतो का? प्राथमिक चौकशी करून शिफारस करतो, की त्याची शिफारस म्हणजेच निकाल असतो? एकाच पदनामाखाली एका डेपोत कामगार आणि दुसऱ्या डेपोत सुपरवायझर, असं होऊ शकतं. डेपो मॅनेजरवर शब्द खर्च करत नाही.

तुमच्या पत्रातली कामं तुम्ही दिली आहेत: थांब्यांवर गाड्यांच्या वेळा बघणं, तिकीट तपासणं, अहवाल लिहिणं आणि कुणी आला नाही तर बदली ड्रायव्हर लावणं. पहिली तीन उघड उघड कामगाराची. चौथ्यावर कंपनी जोर देणार, त्यामुळे तिथे नीट बघा. डेपोतून आलेल्या यादीत पुढचं नाव ज्याचं, त्यालाच फोन करता? मग ती निरोप्याची कामगिरी. पण कुणाला घ्यायचं, कुणाला कुठला रूट द्यायचा, रजा नाकारायची की नाही हे तुम्ही स्वतःच्या मतानं ठरवत असाल, आणि ते वर कुणी बदलत नसेल, तर तुमची बाजू कमकुवत होते. हे आधीच सांगितलेलं बरं.

एका चेकरच्या प्रकरणात कागद मी लावले होते. कंपनीनं त्याच्या पदाचं भारदस्त वर्णन दाखल केलं: नियंत्रण, समन्वय, शिस्त, सगळं होतं त्यात. आम्ही फक्त रजेचं रजिस्टर मागवलं. त्यात रजा मंजूर करणाऱ्याच्या रकान्यात त्याची सही एकदाही नव्हती, उलट त्याच्या स्वतःच्या रजेचे अर्ज इतरांसारखेच मॅनेजरकडे गेलेले. त्यानंतर त्या वर्णनाची फारशी चर्चा झाली नाही.

कामगार असल्याचं सिद्ध करायचं ओझं दावा करणाऱ्यावर असतं, म्हणून कागद आजपासून जमवा. नियुक्तिपत्र, बढतीचं पत्र, ड्यूटी चार्ट, तुम्ही वर पाठवलेले अहवाल आणि त्यावर साहेबांनी मारलेले शेरे. बदली ड्रायव्हर लावताना डेपोतून आलेले व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज पुसू नका, तेच तुमचा सगळ्यात चांगला पुरावा ठरतील.

अजून एक. संहितेप्रमाणे मस्टरवरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन एकटी वाटाघाटी करते. तसं कुणाकडे नसेल तर किमान २० टक्केवाल्या युनियनांची परिषद बनते. त्यामुळे मोजणीच्या तोंडावर दहा-वीस जणांना एकदम 'सुपरवायझर' करण्याचा मोह कंपनीला होऊ शकतो. ही तरतूद ट्रेड युनियनच्याच प्रकरणात आहे, जिथे व्याख्या रुंद आहे, म्हणून अशी नावं मोजणीतून गाळता येऊ नयेत असं माझं मत. कंपनी वाद घालेलच. तुमच्याबरोबर आणखी किती जणांना तेच पत्र मिळालं, हे युनियनच्या सेक्रेटरीला विचारून घ्या.

राहता राहिले मावसभाऊ. त्यांचं बरोबर आहे, पण अर्धं. अमेरिकेत खाजगी कंपन्यांना जो केंद्रीय कायदा लागतो, त्यातून १९४७ च्या टाफ्ट-हार्टले कायद्यानं सुपरवायझरांना वगळलं. आपला औद्योगिक विवाद कायदा त्याच वर्षीचा, हा योगायोग. तिथे पगाराची मर्यादा नाही. कामावर घेणं, काढणं, बदली, बढती, शिक्षा, काम वाटणं अशा बारा अधिकारांची यादी आहे. त्यातला एक जरी स्वतःच्या बुद्धीनं वापरत असाल तर तुम्ही सुपरवायझर. म्हणजे आपल्यापेक्षा कडकच. पण न्यूयॉर्कची सबवे ही सरकारी, तिला राज्याचा १९६७ चा टेलर कायदा लागतो, म्हणून तिथे ड्रायव्हर-कंडक्टरांची युनियन वेगळी आणि सुपरवायझरांची वेगळी. तुमची बस खाजगी ऑपरेटरची. तुम्ही तिकडे खाजगी कंपनीत असता, तर तुमच्या एच.आर.चं म्हणणं इथल्यापेक्षा जास्त टिकलं असतं.

एच.आर.ला लेखी विचारा: कुठल्या कलमाखाली सभासदत्व सोडायला सांगताय? अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. उत्तर आलं तर इथेच टाका, बघू. नाही आलं तर तीच पोच घेऊन लेबर ऑफिसात जा; मध्य प्रदेशच्या श्रम आयुक्तांचं कार्यालय आपल्या इंदूरलाच आहे, भोपाळला खेटे घालावे लागणार नाहीत.